गिऱ्हाईक नादार झाले: आपल्या येण्याची वाटणी कशी मिळवायची

कोर्टाच्या शिक्क्याचे पाकीट येते. आत एकपानी नोटीस असते: अमुक इसमाने स्वतःला नादार (देणी फेडू न शकणारा) जाहीर करावे म्हणून अर्ज केला आहे, सुनावणी अमुक तारखेला. अर्जासोबतच्या यादीत तुमच्या दुकानाचे नाव असते आणि त्यापुढे तुमच्या येण्याचा आकडा, बहुधा खऱ्यापेक्षा कमीच. काही व्यापारी ‘गेले ते पैसे’ म्हणून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकतात. काहीजण म्हणतात, यादीत नाव आहेच, वाटणी झाली की कळवतील. दुसऱ्या समजाने जास्त नुकसान होते. नादाराने दिलेली यादी म्हणजे त्याचे म्हणणे. वाटणी मिळते ती ज्याने स्वतःचे येणे सिद्ध केले त्याला, आणि सिद्ध करण्याचे काम धनकोचे, म्हणजे ज्याचे पैसे येणे आहेत त्याचे, असते.

इथे फक्त व्यक्तीच्या नादारीबद्दल लिहिले आहे: प्रोप्रायटर, भागीदार, हातउसने घेतलेला माणूस. गिऱ्हाईक प्रायव्हेट लिमिटेड असेल तर रस्ता वेगळा, फॉर्म वेगळे, मुदती वेगळ्या. बिलावरचे नाव नीट वाचा. ‘ट्रेडर्स’, ‘एंटरप्रायझेस’ असे लिहिलेले दुकान बहुतेक वेळा एका माणसाचेच असते.

आधी कायदा कोणता ते पाहा

व्यक्तीच्या नादारीसाठी आजही दोन जुने कायदे वापरात आहेत. बृहन्मुंबईत १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट. तिथे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात चालते आणि मालमत्ता ऑफिशियल असायनी या कोर्टाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर असा मुंबईबाहेरचा महाराष्ट्र १९२० च्या प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्टखाली येतो. तिथे जिल्हा न्यायालय किंवा अधिकार दिलेले खालचे कोर्ट प्रकरण ऐकते आणि मालमत्ता कोर्टाने नेमलेला रिसीव्हर सांभाळतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने हे दोन्ही कायदे रद्द करायचे ठरवले, पण संहितेचा व्यक्तींबद्दलचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता. म्हणजे कंपनीचा डायरेक्टर वैयक्तिक जामीनदार म्हणून बुडाला, तर प्रकरण संहितेखाली एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जाईल. गल्लीतला किराणा दुकानदार बुडाला, तर शंभर वर्षांपूर्वीचाच कायदा.

हा फरक मुदतींमध्ये जाणवतो. संहितेखाली दिवाळखोरीची जाहीर नोटीस निघाल्यापासून ७ दिवसांत दावा नोंदवायचा असतो. १९२० च्या कायद्यात नादाराची मुक्तता होईपर्यंत, म्हणजे कोर्ट त्याला उरलेल्या देण्यांतून मोकळे करेपर्यंत, पुरावा देता येतो. ही सवलत ऐकून लोक निवांत होतात आणि इथेच फसतात. का ते पुढे हिशेबात येईल.

पुढची कलमे १९२० च्या कायद्यातली आहेत. मुंबईच्या कायद्याची चौकट जवळपास तीच आहे.

नादार ठरवल्यावर काय थांबते

कोर्टाने नादार ठरवल्याचा हुकूम केला की त्याची मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. त्यानंतर कोर्टाच्या परवानगीशिवाय कोणत्याही धनकोला त्याच्यावर दावा लावता येत नाही की मालमत्तेला हात लावता येत नाही (कलम २८). आधीपासून दावा चालू असेल तर त्या कोर्टात नादारीचा हुकूम दाखवला जातो आणि दावा थांबतो किंवा अटींवर पुढे चालतो.

हुकूमनामा (दाव्याचा निकाल) हातात आहे आणि त्याच्या वसुलीची दरखास्तही लावली आहे, अशा धनकोला वाटते की आपण रांगेत पुढे आहोत. तसे नसते. दरखास्तीतून मिळालेला पैसा तुमचा राहतो तो नादारीचा अर्ज कोर्टाने दाखल करून घेण्याच्या तारखेआधी वसूल झाला असेल तरच (कलम ५१). बेलिफाने माल जप्त केला, पण लिलाव व्हायचा होता आणि अर्ज दाखल झाला, तर माल रिसीव्हरकडे जातो. अशा धनकोच्या हाती एक गोष्ट मात्र उरते, आणि ती बरेच वकीलही मागायची विसरतात: त्या दाव्याचा आणि दरखास्तीचा खर्च त्या मालावर पहिला बोजा असतो, म्हणजे त्या मालाच्या पैशातून तो आधी फिटतो (कलम ५२). बाकीच्या रकमेसाठी इतरांसारखेच रांगेत उभे राहायचे.

ज्यांच्याकडे तारण आहे त्यांना यातले काही अडवत नाही. गहाणखत असलेली बँक आपले तारण विकू शकते. आणि तुमच्या उधारीला कोणी जामीन राहिले असेल तर त्या जामीनदारावर सरळ जा. नादाराची मुक्तता झाली तरी जामीनदार आणि भागीदार सुटत नाहीत (कलम ४४). वाटणीची वाट पाहण्याआधी जुन्या कागदांत कोणाची सही आहे का ते शोधण्यात एक दुपार घालवलेली बरी.

आकडा काढणे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. तुमच्या टॅलीतली बाकी आणि कोर्टात मागायची रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मूळ रक्कम जीएसटीसह घ्या. गिऱ्हाईक तुमचे देणे लागते ते पूर्ण बिलाचे. त्यातून परत आलेला माल, क्रेडिट नोटा, मान्य केलेली सूट वजा करा. न वटलेला चेक एकदा ‘जमा’ दाखवून परत ‘नावे’ टाकायचा राहिला आहे का तेही पाहा. ही चूक झाली तर तुमच्याच खात्यात तुमचे येणे कमी दिसते.

व्याजाबद्दल: बिलाच्या तळाशी ‘३० दिवसांनंतर द. सा. द. शे. २४ टक्के व्याज’ छापलेले असते. वाटणीच्या हिशेबात ते चालत नाही. येण्यात व्याज धरलेले असेल तर वाटणीपुरते ते वर्षाला ६ टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत (कलम ४८). सगळ्यांची देणी पूर्ण फिटून पैसे उरले, तरच वरच्या दराचा विचार होतो. व्याजाचा करार नसेल तर ‘व्याज मागणार’ असे कळवून लेखी मागणी केल्याच्या तारखेपासून ६ टक्क्यांपर्यंत व्याज मागता येते, म्हणून वेळेवर पाठवलेली साधी नोटीसही उपयोगी पडते. कोणत्याही परिस्थितीत व्याज नादार ठरवल्याच्या तारखेला थांबवा. पुढच्या महिन्यांचे व्याज लावून आकडा फुगवला की रिसीव्हर तेवढा भाग तर काढतोच, शिवाय बाकीच्या नोंदींकडेही संशयाने पाहू लागतो.

परस्पर देणे-घेणे असेल तर ते आधी वळते करा (कलम ४६). त्याच्याकडून तुमचे ४,५०,००० येणे आहे आणि त्याच्याकडून घेतलेल्या बारदानाचे ६०,००० तुम्ही देणे आहात, तर दावा ३,९०,००० चा. यात तुमचाच फायदा आहे: त्या ६०,००० पुरते तुम्हाला रुपयाला रुपया मिळाला. वळते न करता ६०,००० रिसीव्हरला भरले आणि ४,५०,००० वर रुपयाला काही पैसे घेतले, तर तो शुद्ध तोटा.

मुदतबाह्य येणे सिद्ध होत नाही. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी साधारण तीन वर्षे. मधल्या काळात त्याने सही करून बाकी मान्य केली असेल किंवा सहीनिशी काही रक्कम भरली असेल, तर मुदत तिथून नव्याने मोजतात. तो कागद दाव्यासोबत लावाच. रोखीने दिलेल्या हातउसन्याबद्दल कठोरपणे विचारतात: पैसे आले कुठून, दिले कसे, कागद काय. आणि परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याने इथे यायचेच टाळावे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली वेगळे प्रकरण उभे राहू शकते.

पुरावा दाखल करणे

कायद्याची मागणी साधी आहे (कलम ४९): येण्याची खातरजमा करणारे प्रतिज्ञापत्र, त्यासोबत किंवा त्यात उल्लेख केलेला खातेउतारा, आणि कोणत्या कागदांच्या आधारे येणे सिद्ध होते त्यांची यादी. ते कोर्टात द्यायचे किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायचे. पोस्टाची सोय कायद्यात असली तरी आमचा सल्ला: स्वतः किंवा वकिलामार्फत द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या आणि ती प्रत फाइलच्या सर्वात वर ठेवा.

मजकूर लांबलचक नको. उदाहरणार्थ (वरचे बारदानाचे देणे नाही असे धरून): ‘मी वर नमूद दुकानाचा मालक असून प्रतिज्ञेवर सांगतो की, सदर नादार इसम नादार ठरवल्याच्या तारखेस माझे रु. ४,५०,००० देणे लागत होता व आजही लागतो. सदर रक्कम सोबतच्या खातेउताऱ्यात दाखवलेल्या मालाची आहे. तिच्यापैकी कोणतीही रक्कम मला अथवा माझ्या वतीने कोणास मिळालेली नाही. या येण्यासाठी माझ्याकडे कोणतेही तारण नाही.’ तारण असेल तर शेवटचे वाक्य बदलून त्याचा तपशील द्यायचा. ते लपवले तर पुढे सगळा दावा अडचणीत येतो.

खातेउताऱ्यात तारीख, बिल क्रमांक, रक्कम, जमा आणि बाकी असे पाच रकाने पुरतात. नेहमी सापडणारी चूक म्हणजे पहिलीच ओळ: ‘मागील बाकी रु. २,८०,०००’. रिसीव्हर तिथेच बोट ठेवतो, कारण त्या आकड्यामागे एकही बिल नसते. मागील बाकी फोडून, ती ज्या बिलांची आहे ती बिले वेगळी लिहा. दुसरी चूक नावाची: बिले मुलाच्या फर्मची आणि प्रतिज्ञापत्र वडिलांचे. तिसरी म्हणजे चलनावर माल पोचल्याची सही नसणे. तिथे ई-वे बिल किंवा ट्रान्सपोर्टची बिल्टी जोडावी.

मूळ कागद देऊ नका. कोर्ट ते कधीही पाहायला मागू शकते, तेव्हा दाखवायचे. दावा दिल्यावर कोर्टाने केलेल्या धनकोंच्या यादीत आपले नाव आणि आकडा बरोबर चढला का ते जाऊन पाहा. दुसऱ्या कोणाचा आकडा खोटा वाटत असेल (मेहुण्याचे १२ लाख हातउसने, कागद मागच्याच महिन्यातले) तर ती नोंद कमी करण्यासाठी किंवा काढण्यासाठी अर्ज करता येतो (कलम ५०). खोटा दावा निघाला की त्याचा वाटा बाकी सगळ्यांत वाटला जातो.

तारण असेल तर

तीन रस्ते आहेत (कलम ४७). तारण विकून उरलेल्या येण्यावर दावा करायचा. तारण सगळ्यांसाठी सोडून पूर्ण येण्यावर दावा करायचा. किंवा तारणाची किंमत स्वतः ठरवून उरलेल्यावर दावा करायचा. दुसरा रस्ता शहाणा माणूस सहसा घेत नाही. तिसऱ्यात किंमत फार कमी लावली तर धोका असा की त्याच किमतीला तारण सोडवून घेण्याची मुभा कोर्टाला असते.

पैसा कुठून येतो

रिसीव्हर माल, वाहन, दुकान, गिऱ्हाइकांकडची येणी असे सगळे गोळा करून विकतो. पण सगळेच विकता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून वगळलेल्या गोष्टी इथेही वगळल्या जातात: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याचे राहते घर, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याचे पैसे. पगारदार असेल तर पगारातला मोठा भागही.

बाहेर गेलेली मालमत्ता परत आणता येते. नादारीच्या अर्जाआधी दोन वर्षांत बायकोच्या किंवा भावाच्या नावे फुकट केलेले हस्तांतर रद्द होऊ शकते (कलम ५३). अर्जाआधी तीन महिन्यांत एखाद्या धनकोला मुद्दाम झुकते माप देऊन केलेली फेडही (कलम ५४). हे दुसरे कलम तुमच्यावरही उलटू शकते. ‘तुमचे तेवढे आधी देऊन टाकतो, कोणाला बोलू नका’ असे म्हणून त्याने अचानक पैसे दिले आणि महिन्याभरात नादारीचा अर्ज केला, तर ते परत मागितले जाऊ शकतात. तुम्ही नोटीस देऊन, दावा लावतो असे बजावून वसूल केले असतील तर बाजू पुष्कळ मजबूत राहते, म्हणून त्या नोटिशीची पोच जपून ठेवा.

रिसीव्हर अशा हस्तांतरामागे लागत नसेल तर त्याला लेखी विनंती करा. त्याने नकार दिला तर, येणे सिद्ध केलेला धनको कोर्टाच्या परवानगीने स्वतः अर्ज करू शकतो (कलम ५४अ). नुसत्या तोंडी तक्रारीने काही होत नाही.

वाटणीचा हिशेब

या वाटणीला कोर्टात डिव्हिडंड म्हणतात. शेअरच्या डिव्हिडंडशी त्याचा संबंध नाही. एक कल्पित हिशेब मांडू.

दुकानाचा गाळा बँकेकडे गहाण होता. बँकेचे येणे ३२,००,०००; गाळा विकून २६,००,००० आले. उरलेल्या ६,००,००० साठी बँक आता सामान्य धनको. बाकी मालमत्तेतून रिसीव्हरकडे ९,००,००० जमा झाले: माल ५,४०,०००, टेम्पो २,१०,०००, वसूल झालेली येणी १,५०,०००.

यातून आधी रिसीव्हरचा मेहनताना, लिलाव, जाहिराती, गोदामभाडे असा खर्च जातो. तो १,३४,९४० धरू. मग अग्रक्रमाची देणी (कलम ६१). सरकार आणि स्थानिक संस्थेचे देणे १,६५,०००. त्यांच्याच बरोबरीने नोकरांचा अर्जाआधीच्या चार महिन्यांतला थकलेला पगार, पण मूळ कलमात त्याची मर्यादा माणशी २० रुपये. छपाईची चूक नाही; १९२० साली २० रुपयांना अर्थ होता. तीन नोकरांचे मिळून ६० रुपये. त्यांचा उरलेला पगार सामान्य देण्यांत जातो. संहितेखालच्या प्रकरणात हे चित्र वेगळे आहे: तिथे खर्चानंतर कामगारांचे २४ महिन्यांचे देणे तारणधारकांच्या बरोबरीने येते, मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे, सरकार त्याच्याही खाली.

आपल्या हिशेबात उरले ६,००,०००. सामान्य धनको: बँक ६,००,०००, मोठा पुरवठादार ८,००,०००, हातउसनेवाले १०,६०,०००, नोकर ९०,००० आणि तुम्ही ४,५०,०००. एकूण ३०,००,०००. म्हणजे रुपयाला २० पैसे. तुम्हाला ९०,००० मिळतात. पहिला दावा कोणी टाकला, हुकूमनामा कोणाकडे, ओळख कोणाची, याने फरक पडत नाही.

आता समजा तुम्ही दावाच टाकला नव्हता. रिसीव्हरने इतरांच्या २५,५०,००० वर पहिली वाटणी १० पैशांनी केली आणि २,५५,००० गेले. हातात ३,४५,००० शिल्लक असताना तुम्ही येणे सिद्ध केले. पुढची वाटणी करण्याआधी तुमची चुकलेली १० पैशांची वाटणी, ४५,०००, तुम्हाला आधी मिळते (कलम ६३). उरलेले ३,००,००० तीस लाखांवर १० पैशांनी. शेवटी सगळे २० पैशांवर. पण त्याने एकदमच सगळे ६,००,००० वाटून टाकले असते, तर इतरांना साडेतेवीस पैसे पडले असते आणि तुम्हाला शून्य, कारण झालेली वाटणी मोडता येत नाही. कायद्याने मुक्ततेपर्यंत मुभा दिली आहे खरी, पण तोवर तिजोरीत काही उरेलच असे नाही.

वाद चालू असलेल्या दाव्यांसाठी आणि लांबच्या धनकोंसाठी रिसीव्हरला काही रक्कम राखून ठेवावी लागते (कलम ६२), म्हणून पहिली वाटणी नेहमी कमी दिसते. भागीदारी असेल तर फर्मची मालमत्ता आधी फर्मच्या देण्यांना आणि भागीदाराची स्वतःची त्याच्या स्वतःच्या देण्यांना. उरले तरच एकीकडचे दुसरीकडे.

पैसे हातात येताना

मुंबईच्या कायद्यात पहिली वाटणी नादार ठरवल्यापासून एका वर्षात आणि पुढच्या वाटण्या जास्तीत जास्त सहा-सहा महिन्यांच्या अंतराने करायच्या असतात, पण उशिराचे कारण देता येते आणि ते बहुतेक वेळा दिलेले असते. तुम्ही करायचे काम: पत्ता, फर्मचे नाव किंवा बँक खाते बदलले की लेखी कळवणे. जुन्या पत्त्यावर गेलेली वाटणीची सूचना परत येते आणि पैसे पडून राहतात.

रिसीव्हर ठरलेली वाटणी देत नसेल तर त्याच्यावर दावा लावता येत नाही. त्याच नादारी कोर्टात अर्ज करायचा. कोर्ट त्याला रक्कम द्यायला सांगू शकते, शिवाय अडवल्याचे व्याज आणि खर्च त्याच्या खिशातून (कलम ६५). त्याच्या इतर कोणत्याही निर्णयाविरुद्ध अर्ज २१ दिवसांत (कलम ६८). निर्णय कळला त्या दिवशीच ही तारीख डायरीत लिहा.

मिळालेल्या ९०,००० नंतर उरलेले येणे खात्यातून बुडीत म्हणून काढले तर आयकरात वजावट मागता येते. पुढे त्यातले काही वसूल झाले तर ते त्या वर्षीचे उत्पन्न. भरलेला जीएसटी मात्र गिऱ्हाईक बुडाले म्हणून परत मिळत नाही.

हुकूम रद्द झाला तर

हे वाटते त्यापेक्षा जास्त वेळा घडते. कोर्टाने दिलेल्या मुदतीत नादाराने मुक्ततेचा अर्ज केला नाही की नादारीचा हुकूम रद्द होतो (कलम ४३), आणि धनकोंना पुन्हा दावे लावायची मोकळीक मिळते. नादार ठरवल्यापासून रद्द होईपर्यंतचा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळतात, पण ज्याने आपले येणे या प्रकरणात सिद्धच केले नव्हते त्याला ही सवलत नाही (कलम ७८). त्याची तीन वर्षे दरम्यान संपून गेलेली असतात. वाटणीत काहीच मिळणार नाही असे दिसत असतानाही प्रतिज्ञापत्र टाकून ठेवायचे ते यासाठी.